ज्यू, हिब्रू, इस्राएली : शब्द शेजारचे, अर्थ निरनिराळे

आपल्या समाजाच्या घरांत आज निदान तीन भाषा एकत्र नांदत आहेत. वडीलधाऱ्यांची मराठी, मुलानातवंडांची हिब्रू, आणि शाळेत, विमानतळावर व परदेशी पत्रव्यवहारात लागणारी इंग्रजी. तीन भाषा अवगत असणे हे भूषणच होय. परंतु या वर्दळीत एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. ज्या शब्दांनी जग आपणांस ओळखते, ते ज्यू, ज्युइश, हिब्रू, इस्राएलाइट आणि इस्राएली हे इंग्रजी शब्द आपल्याकडील लहानथोर एकमेकांच्या जागी सर्रास वापरीत असतात. कोणी अर्जातील धर्माच्या रकान्यात ‘हिब्रू’ असे लिहितो, कोणी भाषेच्या रकान्यात ‘ज्युइश’ लिहितो, तर कोणी ठाण्याहून भेटीस आलेल्या मावसभावाची ओळख ‘इस्राएली’ म्हणून करून देतो. वस्तुतः त्या भावाच्या खिशात भारताचे पारपत्र असते.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? सर्वांचा अर्थ अखेर एकच ना? माझे नम्र मत असे की, अर्थ एकच नाही. यांतील प्रत्येक शब्द एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तुमची पूर्वजांची भाषा कोणती, तुमचा मूळ पुरुष कोण, तुमचा धर्म आणि लोक कोणते, तुम्ही कोणत्या राज्याचे नागरिक, आणि तुम्ही कोणत्या समाजाचे, हे पाच निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. बेने इस्राएलांस तर या गोंधळाची झळ प्रत्यक्ष लागलेली आहे. तेव्हा निदान आपण तरी हे शब्द तोलून वापरावेत आणि मुलांस तसे शिकवावेत, एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे.

या शब्दांपैकी सर्वांत प्राचीन शब्द ‘हिब्रू’ होय. मराठी पवित्र शास्त्रात त्याचे रूप ‘इब्री’ असे आहे. तोरामध्ये उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात आपला पिता अब्राहाम यास हे विशेषण प्रथम लाविलेले आढळते. ‘आवार’ म्हणजे ओलांडणे या धातूशी काही विद्वान त्याचा संबंध जोडतात, तेव्हा इब्री म्हणजे नदीपलीकडून आलेला. काही जण एबेर या पूर्वजाच्या नावावरून तो आला असे मानतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शास्त्रात हा शब्द बहुधा परक्यांच्या तोंडी किंवा परक्यांशी बोलताना येतो. मिसर देशात योसेफास परके लोक इब्री म्हणतात. जहाजावरील परदेशी खलाशांनी विचारल्यावर योना आपली ओळख इब्री अशीच सांगतो. घरातल्या घरात मात्र आपले पूर्वज स्वतःस इस्राएलाची संतती म्हणवीत. आजच्या इंग्रजीत ‘हिब्रू’ हा शब्द मुख्यतः भाषेसाठी राखला गेला आहे. हिब्रू बोलणारा प्रत्येक जण ज्यू असतो असे नव्हे. हायफा किंवा नाझरेथ येथील अरब दुकानदार उत्तम हिब्रू बोलतो. उलट कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शेमा म्हणणारे परंतु घरात केवळ मराठी बोलणारे आपले पूर्वज कमी प्रतीचे ज्यू होते, असेही नव्हे. भाषा हे एक उत्तर आहे. धर्म हे दुसरे.

येथेच आणखी एक सूचना करून ठेवतो. ‘ज्युइश’ नावाची भाषा नाही. युरोपातील आपल्या बांधवांची यिद्दिश ही भाषा मात्र आहे, आणि ‘यिद्दिश’ या शब्दाचाच मूळ अर्थ ‘ज्युइश’ असा असल्यामुळे जुन्या पिढीतील इंग्रजी बोलणारे तिकडचे लोक तिला ‘ज्युइश’ म्हणत. आपला मुलगा अर्जात भाषा म्हणून ‘ज्युइश’ असे लिहील, तर वाचणारा त्यास पोलंडचा किंवा रुमानियाचा समजेल, अलिबागचा नव्हे.

आता ‘इस्राएलाइट’ आणि ‘ज्यू’ यांकडे वळू. याकोबास यब्बोक नदीच्या उताराजवळ ‘इस्राएल’ हे नाव मिळाले, आणि त्याच्या बारा पुत्रांचा वंश तो इस्राएल. शलमोनाच्या पश्चात राज्य दुभंगले. उत्तरेकडील राज्याने इस्राएल हे नाव घेतले; दक्षिणेकडील राज्य यहुदाचे म्हणून ओळखले जाऊ लागले. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे राज्य बुडविले आणि इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमचे मंदिर पाडून यहुदाच्या लोकांस बंदिवासात नेले. पुढे जो इतिहास टिकला तो मुख्यतः या यहुदावासीयांचा. म्हणून ‘येहूदी’ हा शब्द एका वंशापुरता न राहता सर्व लोकांचा झाला. याचा पुरावा आपण दरवर्षी पुरीमच्या दिवशी ऐकतो. एस्तेरच्या ग्रंथात मर्दखयास ‘येहूदी’ म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात तो बन्यामीन वंशातील असल्याचेही सांगितले आहे. म्हणजे यहुदा वंशाचा नसूनही तो येहूदी होताच. शब्दाचा अर्थ मुळाशी चिकटून राहत नाही, लोकांच्या वापराबरोबर तो रुंदावतो, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

हाच ‘येहूदी’ ग्रीक व लॅटिन भाषांतून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत जाता जाता झिजून ‘ज्यू’ झाला. मराठीत ‘यहुदी’ जुना, आणि ‘ज्यू’ हा इंग्रजांबरोबर आलेला. दोन्ही एकाच झाडाची फळे होत.

परंतु इंग्रजीत या शब्दाच्या नशिबी एक दुर्दैव आले. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२९० साली सर्व ज्यूंस देशाबाहेर घालविले, आणि १६५६ मध्ये क्रॉमवेलच्या कारकिर्दीत त्यांच्या परतण्याचा मार्ग खुला झाला. मधल्या साडेतीनशेहून अधिक वर्षांत उघडपणे ज्यू म्हणून राहणारा समाज त्या देशात नव्हता, आणि तरीही ‘ज्यू’ हा शब्द भाषेत जिवंत होता; कथांत, प्रवचनांत, रंगभूमीवर. शेक्सपिअरने शायलॉकचे पात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगविले ते याच काळात. ज्यांना शेजारी ज्यू ठाऊक नाही, त्यांनी शब्दात आपल्या मनातील भीती आणि द्वेष भरला. पुढे त्या नामाचे क्रियापदही झाले आणि त्याचा अर्थ घासाघीस करून फसविणे असा केला गेला. असे क्रियापद कोणी आपल्यासमोर वापरल्यास ते निमूटपणे ऐकून घेण्याचे काही कारण नाही.

आता एक व्याकरणाचा मुद्दा, जो शिक्षकी पेशातील माणसास विशेष महत्त्वाचा वाटतो. मराठीत ‘ज्यू’ हे नामही आहे आणि विशेषणही. ज्यू शाळा, ज्यू डॉक्टर, ज्यू मुलगा, यांत कोणताही अनादर नाही. आपली मुले हीच रचना इंग्रजीत नेतात, आणि तेथे अनर्थ होतो. इंग्रजीत ‘ज्यू’ हे केवळ नाम आहे, विशेषण ‘ज्युइश’. ‘ज्यू’ हे नाम विशेषणासारखे दुसऱ्या नामापुढे ठेवून बोलण्याची पद्धत इंग्रजीत द्वेष करणारांची आहे. ‘ज्युइश डॉक्टर’ म्हणणे सभ्य. ‘ज्यू डॉक्टर’ म्हणणे शिवीसारखे. एका प्रत्ययाने आदर आणि अनादर यांची अदलाबदल होते. तसेच स्त्रीस उद्देशून पूर्वी ‘ज्युएस’ असा शब्द वापरीत; तोही आता जुनाट व अवमानकारक मानला जातो. स्त्री असो वा पुरुष, ‘ज्यू’ किंवा ‘ज्युइश’ एवढेच पुरे.

‘इश’ या प्रत्ययाविषयीही मुलांच्या मनात शंका असते. ‘रेडिश’ म्हणजे लालसर, मग ‘ज्युइश’ म्हणजे थोडासा ज्यू काय? तसे नाही. इंग्लिश, स्पॅनिश, टर्किश यांत जो ‘इश’ आहे तोच येथे आहे. तो ‘चा, ची, चे’ असा संबंध दाखवितो, कमीपणा दाखवीत नाही. याच्या उलट टोकाचे काही लोक ‘ज्यू’ हा शब्दच उच्चारावयास कचरतात आणि आडवळणाने ‘ज्युइश व्यक्ती’ असे म्हणतात. मला हा संकोच अनावश्यक वाटतो. मी ज्यू आहे, हे सरळ वाक्य इंग्रजीतही अभिमानाने उच्चारावे.

या संकोचाचाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील सुशिक्षित ज्यूंस हा कलंकित झालेला शब्द नकोसा वाटू लागला, आणि त्यांनी ‘इस्राएलाइट’ व ‘हिब्रू’ हे जुने, शास्त्रोक्त शब्द सभ्य पर्याय म्हणून पुढे आणिले. पॅरिसमध्ये १८६० साली स्थापन झालेल्या जगप्रसिद्ध संस्थेच्या नावात ‘इस्राएलीत’ हा शब्द आहे. अमेरिकेत १८७३ साली स्थापन झालेल्या सभास्थानांच्या संघटनेने ‘हिब्रू’ हा शब्द घेतला. त्या संघटनेने २००३ साली नाव बदलले आणि ‘हिब्रू’ सोडून ‘ज्यूधर्म’ या अर्थाचा ‘जुडाइझम’ शब्द स्वीकारला. मुंबईतही १८७५ साली हाईम सामुएल केहिमकर यांच्या पुढाकाराने जी शाळा सुरू झाली तिचे नाव इस्राएलाइट स्कूल असेच होते. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून आपल्या अनेक पिढ्यांस परिचित झाली. त्या काळी ते नाव योग्यच होते. परंतु आज इंग्रजीत ‘इस्राएलाइट’ म्हणजे शास्त्रकालीन इस्राएल लोक, एवढाच अर्थ सर्वसामान्यपणे उरला आहे. मोशेबरोबर रान तुडविणारे ते इस्राएलाइट. अश्दोदच्या बंदरात काम करणारा तो इस्राएली. दिमोना येथे मात्र एक अपवाद आपल्या पाहण्यात आहे. १९६९ पासून अमेरिकेहून येऊन तेथे वसलेला कृष्णवर्णीय समाज स्वतःस हिब्रू इस्राएलाइट म्हणवितो. त्यांनी ‘ज्यू’ हा शब्द न घेता हे दोन जुने शब्द जाणूनबुजून निवडले आहेत, आणि त्यांची निवड समजून घ्यावयाची तर या शब्दांतील भेद ठाऊक असणे आवश्यकच आहे.

‘इस्राएली’ हा शब्द या सर्वांत धाकटा. सध्याच्या अर्थाने तो १९४८ साली, राज्याबरोबरच जन्मास आला. त्याचा अर्थ राज्याचा नागरिक. त्यातील ‘ई’ हा प्रत्यय मराठी माणसास परका नाही. पंजाबी, गुजराती, हिंदुस्थानी या शब्दांत तो आपण रोज वापरतो. इस्राएलचे सुमारे एकपंचमांश नागरिक अरब आहेत; शिवाय द्रूझ आहेत, ख्रिस्ती आहेत. ते सर्व इस्राएली, परंतु ज्यू नव्हेत. उलट लंडन, न्यूयॉर्क वा मुंबईतील बहुसंख्य ज्यू हे ज्यू आहेत, परंतु इस्राएली नव्हेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो ज्यूंस, इस्राएली नागरिकांस नव्हे. हा भेद पुसला गेला म्हणजे काय होते ते आपण वृत्तपत्रांत वाचतो. इस्राएल सरकारवर रागावलेला मनुष्य दूर देशीच्या एखाद्या सभास्थानावर दगड टाकतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द एकच. दुसऱ्याने केलेली ही गल्लत आपणांस अन्याय्य वाटते. मग आपल्याच बोलण्यात ती का असावी?

येथे इंग्रजी आणि हिब्रू यांच्यातील एक खाचखळगाही दाखविला पाहिजे. इंग्रजीत ‘नॅशनॅलिटी’ हा शब्द बहुधा नागरिकत्वाच्या अर्थाने येतो, म्हणून पारपत्रात त्यापुढे ‘इस्राएली’ असे छापलेले असते. हिब्रूत मात्र ‘एझराहूत’ म्हणजे नागरिकत्व वेगळे आणि ‘लेओम’ म्हणजे राष्ट्रीय समूह वेगळा. सरकारी नोंदणीत लेओमपुढे ‘येहूदी’, ‘अरवी’ इत्यादी लिहितात. काही नागरिकांनी लेओम म्हणून ‘इस्राएली’ अशी नोंद मिळावी याकरिता दाद मागितली; सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती अमान्य केली. तेव्हा ‘नॅशनॅलिटी’ या एका इंग्रजी शब्दाचे हिब्रू भाषांतर कोठे एझराहूत होईल आणि कोठे लेओम, हे पाहूनच रकाना भरावा लागतो.

‘सेमिटिक’ हा शब्द याच गोतावळ्यातील. १७८१ साली श्लोझर या जर्मन विद्वानाने तो हिब्रू, अरबी, अरामी आदी भाषांच्या कुटुंबास लाविला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, विल्हेल्म मार या जर्मन लेखकाने ज्यूद्वेषास शास्त्रीय मुलामा देण्याकरिता ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द रूढ केला. आता काही जण असा युक्तिवाद करतात की, अरबही सेमिटिक, मग अरब मनुष्य अँटिसेमाइट कसा असेल? हा युक्तिवाद शब्दाच्या व्युत्पत्तीवर उभा आहे, त्याच्या अर्थावर नव्हे. हा शब्द जन्मापासून केवळ ज्यूंच्या द्वेषासाठीच वापरला गेला आहे. म्हणूनच हल्ली अनेक संस्था, आणि २०२१ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्थाही, तो मधली रेघ गाळून एकत्र लिहितात, जेणेकरून ‘सेमिटिझम’ नावाची काही स्वतंत्र वस्तू आहे असा भास होऊ नये.

हे सर्व विवेचन भाषेच्या तासापुरते आहे, असे कोणी समजू नये. १९६२ हे एकच वर्ष घ्या. पोलंडमध्ये ज्यू आईबापांच्या पोटी जन्मलेले आणि महायुद्धात अनेक ज्यूंचे प्राण वाचविणारे ओस्वाल्ड रूफाइसेन हे पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारून मठवासी झाले होते. १९५० च्या परतीच्या कायद्यान्वये आपणांस ज्यू म्हणून प्रवेश मिळावा, अशी त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. हलाखाच्या दृष्टीने ज्यू आईचे अपत्य ज्यूच राहते. परंतु न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, तो कायदा लौकिक असल्यामुळे त्यातील ‘ज्यू’ हा शब्द सामान्य लोकांच्या समजुतीतील अर्थाने घ्यावयाचा, आणि सामान्य माणूस ख्रिस्ती मठवाशास ज्यू म्हणणार नाही. एकाच शब्दाचे धर्मशास्त्रात एक आणि कायद्यात दुसरे असे दोन अर्थ उघड झाले. पुढे १९७० साली कायद्यातच ‘ज्यू’ या शब्दाची व्याख्या घालावी लागली.

त्याच वर्षी आपल्या समाजावर काय प्रसंग होता, हे वडील मंडळींस सांगावयास नको. तरुणांस मात्र सांगितले पाहिजे. मुख्य रब्बीमंडळाने १९६१ च्या ऑक्टोबरात बेने इस्राएलांशी विवाह करण्यास मनाई नाही असे ठरविले होते; परंतु १९६२ च्या आरंभी ज्या सूचना निघाल्या, त्यांनी विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींस बेने इस्राएल वधूवरांच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले. घटस्फोटाच्या व हलित्साच्या विधींविषयीच्या शंका त्यामागे होत्या. आपल्या लोकांनी सभा घेतल्या, निवेदने दिली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये ठाण मांडून धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने विशेष बैठकीत ठराव करून स्पष्ट केले की, भारतातून आलेले बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांच्यात व इतर ज्यूंत कोणताही भेद नाही. त्यानंतर सूचनांतील आपल्या समाजाचा नावानिशी उल्लेख काढून टाकण्यात आला.

या प्रकरणातील शब्दांचा विरोधाभास पाहा. हिब्रूत ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलाची मुले. तोरामध्ये हे नाव सर्व लोकांस दिलेले आहे. मिसरातून निघाले ते बेने इस्राएल; सीनायपाशी उभे राहिले ते बेने इस्राएल. आणि जो समाज दूर कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके हेच नाव जपत आला, त्यालाच विचारले गेले की, तुम्ही ज्यू आहात काय? तोराचा शब्द आमच्यापाशी होता. सरकारी रकान्यातला शब्द सिद्ध करावयास आम्हांस दोन वर्षे झगडावे लागले.

कोकणात आपले पूर्वज स्वतःस यहुदी न म्हणता बेने इस्राएल का म्हणवीत, याविषयी मतभेद आहेत. उत्तरेच्या हरवलेल्या दहा वंशांशी त्याचा संबंध जोडण्याचा यत्न एकोणिसाव्या शतकापासून झाला. काही लेखकांनी असे सुचविले की, मुसलमान राज्यकर्त्यांच्या काळात ‘यहुद’ या शब्दाहून ‘बनी इस्राईल’ हे नाव अधिक आदराचे होते. कारण काहीही असो, शेजाऱ्यांनी मात्र त्यांस तिसरेच नाव दिले. घाणा चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते शनिवार तेली. त्या नावात ना वंश, ना धर्मग्रंथ. केवळ व्यवसाय आणि शब्बाथ. तरीही मला ते नाव प्रिय वाटते, कारण ज्या काळी धर्मग्रंथ हाती नव्हते, त्या काळीही शब्बाथ सुटला नव्हता, याची साक्ष परक्यांनी दिलेल्या त्या दोन शब्दांत आहे. तशीच गोष्ट ‘मशीद’ या शब्दाची. मुंबईत १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी स्थापिलेल्या शाआर हारहमीम सभास्थानास आपले लोक जुनी मशीद म्हणत. त्या शब्दाने कोणाचा धर्म बदलला नाही. शब्द कोणाच्या तोंडी आणि कोणत्या गावी आहे, हे पाहून अर्थ करावयाचा असतो.

आता राहिला ‘इंडियन’. इंग्रजीत शेवटी येणारे नाम मुख्य आणि आधी येणारे विशेषण गौण, हा नियम लक्षात ठेविला म्हणजे ‘इंडियन ज्यू’ आणि ‘ज्युइश इंडियन’ यांतील भेद कळतो. पहिला भारतातून आलेला ज्यू. दुसरा ज्यू धर्माचा भारतीय. आपण जे येथे येऊन वसलो, ते पहिल्या प्रकारात मोडतो. परंतु मुंबई, ठाणे, पुणे येथे राहिलेले आपले आप्त कदाचित दुसरे विशेषण पसंत करतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे. कवी निस्सीम इझिकेल हे जन्माने बेने इस्राएल, धर्माने ज्यू; परंतु जगाने त्यांस भारतीय कवी म्हणून ओळखले, आणि ते यथार्थ होते. येथे हिब्रूत आपणां सर्वांस ‘होदीम’ अशी एकच मोहोर लावितात. त्या एका शब्दात बेने इस्राएल, कोचीनचे, बगदादी आणि ईशान्येकडील बने मनाशे असे चार निरनिराळे इतिहास गुंडाळले जातात. बोलण्याच्या ओघात ते चालेल. परंतु शाळेत मुलाने आपल्या कुळाची हकीगत लिहावयाची असेल, तेव्हा ‘होदी’ एवढ्यावर थांबू नये.

माझ्या या मतास एक आक्षेप येईल, आणि तो तुच्छ लेखण्याजोगा नाही. काही तरुण म्हणतात की, आम्ही येथे जन्मलो, सैन्यात गेलो, आम्ही इस्राएली आहोत. हे समाजाचे वेगळे नाव जपण्याने भिंती उभ्या राहतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु एक नाव घेतले म्हणून दुसरे टाकावे लागते, हा समज चुकीचा आहे. एकच गृहस्थ घरी बाबा, भावाकडे काका, शाळेत गुरुजी आणि मतदारयादीत केवळ एक क्रमांक असतो. त्यामुळे त्याचे चार तुकडे होत नाहीत. जोपर्यंत ज्या प्रश्नाला जे नाव योग्य तेच तो सांगतो, तोपर्यंत घोटाळा होत नाही. भिंत उभी राहते ती नाव असल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्याने आपले नाव आपल्यासाठी ठरविल्यामुळे. १९६२ ते १९६४ या काळात आपण त्याच गोष्टीविरुद्ध उभे राहिलो होतो.

तेव्हा आईवडिलांस माझी विनंती अशी की, मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास घेताना हे पाच शब्द एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवावेत. भाषा विचारली तर हिब्रू, आणि घरात बोलत असल्यास मराठीही, न लाजता. नागरिकत्व विचारले तर इस्राएली. धर्म विचारला तर ज्युइश. शास्त्रातील पूर्वजांविषयी लिहीत असाल तर इस्राएलाइट. आणि कोणी आस्थेने विचारले की, तुमचे कूळ कोणते, तर बेने इस्राएल. हे नाव मात्र भाषांतर न करता जसेच्या तसे सांगावे, आणि पुढच्याने अर्थ विचारलाच तर त्यास सावकाश बसवून कोकणची हकीगत ऐकवावी. ही हकीगत सांगण्याइतके इंग्रजी, हिब्रू आणि मराठी आपल्या मुलांस येणे, हे भाषाशिक्षणाचे एक मोठे फलित होईल, अशी माझी श्रद्धा आहे.